जाळी तीनदा धुतली

"आपण अडकलो, सर," मी म्हटलं.

"अडकलो नाही. थांबलो आहोत," देशकर सर म्हणाले, आणि बूट ओले होऊ नयेत म्हणून पाय आणखी वर घेऊन बसले.

नदीच्या ऐन मध्यावर एक काळा खडक होता, दोन खाटा मावतील एवढा. त्यावर आम्ही तिघं. प्राणिशास्त्राचे डॉक्टर भास्कर देशकर, त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी मी, वनमाला निनावे, वय सव्वीस, आणि आमचे नावाडी पैकूजी नान्हे, काठावरच्या गावातल्या ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. चौथा होता डोंगा, म्हणजे पैकूजींची होडी. वरच्या धरणाची दारं उघडली, पाण्याचा लोंढा आला, खडकाला बांधलेला दोर निसटला आणि डोंगा आमच्या डोळ्यांदेखत गिरक्या घेत खाली गेला. खालच्या शहराला प्यायचं पाणी सोडायचं होतं म्हणे. गावात दवंडी झाली होती, पण आम्ही त्याआधीच निघालो होतो. आमचं नशीबच तसलं.

काठावरून पैकूजींचा मुलगा हात हलवत ओरडला, "चार वाजता दारं बंद करतेत! मंग आनतो डोंगा! हालू नोका तिथून!"

"हालून जाऊ कोठी बे!" पैकूजी ओरडले.

साडेअकरा वाजले होते. मार्च महिना, डोक्यावर ऊन, चारी बाजूंनी मातकट पाणी. मला पोहता येत नाही. सरांनाही येत नव्हतं. पैकूजींना येत होतं, पण त्या लोंढ्यात, खाली जागोजागी खडक असताना उडी मारायला ते काही वेडे नव्हते. मी नमुन्यांची लाकडी पेटी मांडीवर घेऊन बसली.

आमचं काम सांगायला सोपं होतं. दहा लिटरची बादली दहा वेळा भरायची आणि रेशमी जाळीच्या शंकूतून ओतायची. पाणी निघून जातं. शंकूच्या टोकाला बांधलेल्या बाटलीत उरतं ते प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना धड न दिसणारे जीव. दुसऱ्या बाटलीत नुसतं पाणी घ्यायचं. ते प्रयोगशाळेत गाळायचं आणि कागदावर सेंद्रिय घाण किती उरली ते तोलायचं. एका ठिकाणचं काम झालं की जाळी कॅनमधल्या शुद्ध पाण्यानं तीनदा धुवायची, मगच पुढच्या ठिकाणी वापरायची. नाही तर इथले जीव जाळीला चिकटून तिथे जातात. सरांनी नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकाना आखला होता.

तर झालं असं होतं की हिवाळ्यात खालच्या डोहात ढीगभर मासे मरून वर आले. ढिवर म्हणाले, कारखान्याच्या नाल्यानं मारले. कारखाना म्हणाला, ढिवरांनीच विष टाकलं, मासे फुकटात गोळा करायला. जिल्ह्याची समिती बसली. समितीनं सरांना एकच प्रश्न विचारला: नाल्याच्या खाली नदी जिवंत आहे की मेलेली? नाला रोजचा. त्याच्या पाण्यात विष असेल तर हे बारके जीव सगळ्यात आधी मरणार. नदी मेलेली निघाली तर दोष कारखान्याचा. जिवंत निघाली तर पैकूजींवर पोलीस केस आणि सोसायटीचा मासेमारीचा ठेका रद्द.

दोन आठवड्यांपूर्वी, तीन दिवस नदीवर हात बसवून झाल्यावर, आम्ही दोन ठिकाणी नमुने घेतले होते. स्टेशन एक नाल्याच्या वर. स्टेशन दोन नाल्याच्या खाली, हाच खडक. वरचा नमुना जिवांनी नुसता बुजबुजलेला होता. खालच्यात कमी निघाले, पण निघाले, आणि वरच्याच जातींचे. सर सूक्ष्मदर्शकावरून उठले आणि म्हणाले, "नदी जिवंत आहे."

ती जिवंत नव्हती. ते जीव वरचे होते, जाळीला चिकटून आलेले. मी जाळी धुतली नव्हती. हे जगात फक्त मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

का धुतली नव्हती ते सांगते. पण आधी मी किती शहाणी ते ऐका. सरांना खरं सांगायची हिंमत नाही, आणि गप्प बसवत नाही. म्हणून मी काय केलं, स्टेशन दोनची बाटली बेसिनमध्ये आपटली. "सर, हातातून सुटली." समितीनं नमुना पाहायला मागितला तर दाखवणार काय? पुन्हा घ्यावा लागणार. पुन्हा घेतला की मोजणीत शून्य येणार, सर बुचकळ्यात पडणार, अहवाल आपोआप बदलणार आणि माझं नाव कुठेच येणार नाही. दोन रात्री जागून काढलेली युक्ती होती ती. आम्ही चौथी बादली ओतत होतो आणि धरणाचं पाणी आलं.

"आता हा नमुना फेकून दे," सर म्हणाले.

"का, सर?"

"अगं, धरणातलं पाणी आलंय. त्यातले जीव इथे येणार, तळाचा गाळ ढवळून निघणार. आता महिनाभर इथे काही मोजण्यात अर्थ नाही." मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि समजूत काढायला लागले. "बाटली फुटली तर फुटली. मोजणी झाली आहे, नोंद आहे. मी समितीला तोंडी सांगितलंच आहे. सोमवारी अहवाल देऊन टाकतो."

त्या दिवशी शनिवार होता.

मी बाटली पालथी केली. खडकावरून उतरायला जागा नाही, युक्ती पाण्यात गेलेली, आणि ज्या दोन माणसांपासून मला तोंड लपवायचं होतं ती दोघंही माझ्यापासून हातभर अंतरावर.

एकच्या सुमाराला पैकूजींनी फडक्यातला डबा सोडला. भात आणि वाळल्या झिंग्यांची चटणी. "घ्या बाई. साहेब, तुमी?"

"नको. मी हे खात नाही," सर म्हणाले, आणि नाक जरा पलीकडे वळवलं.

"मंग नुसता भात घ्या. भातात झिंगे नाहीत."

सरांनी नुसता भात घेतला. तळहातावर. मी दोन घास कसेबसे गिळले.

"साहेब," पैकूजी चटणीत बोट फिरवत म्हणाले, "थ्या कागदावर का लिवलं तुमी?"

"ते असं आधी सांगता येत नाही, पैकूजी."

"सांगा ना. इथून पळून जाऊन मी कोनाले सांगतो?"

सरांनी हाताची शितं झटकली. मग म्हणाले, "नदीत जीव आहे. वर आहे, खालीही आहे. डॅफ्निया नावाचा एक जीव असतो, टाचणीच्या टोकाएवढा. माशांच्या पिल्लांचं खाणं. फार नाजूक. विषारी पाण्यात तो पहिला मरतो. तो खालीसुद्धा सापडला."

"मंग माह्या जाळ्यात काऊन नाही येत काही? तीन महिने झाले. खालच्या डोहातून मी खेकडासुदा नाही आनला."

"ते मला सांगता येणार नाही."

"म्हंजे आमीच इख टाकलं."

"मी तसं म्हणत नाही."

"तुमी नाही म्हनत. पन तुमचा कागद म्हनते." पैकूजींनी डब्याचं झाकण लावलं. आवाज चढवला नाही, हेच मला सहन होईना. "ठानेदारानं दोनदा बोलावलं मले. म्हने, अध्यक्ष तूच, पयले आत तूच जाशील. सत्तावीस घरं हायेत साहेब या पान्यावर. आपल्याच ताटात इख कालवीन का मी?" मग त्यांनी विचारलं, "मोजलं कोनं? बाईनं?"

"मोजलं मी. नमुना घेतला हिनं." सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "पैकूजी, बारा वर्षं शिकवतोय. हिच्या हातावर माझा माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे. जाळी तीनदा धुतल्याशिवाय ही पोरगी पाण्याला हात लावत नाही."

पैकूजींनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग मान वळवून ते पाण्याकडे पाहत बसले. मी पेटीची कडी उघडबंद करत राहिली.

पाणी चढत होतं. खडकाची एक कड बुडाली, मग बसायची जागा आणखी आखडली. आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. सरांचे बूट अखेर भिजलेच.

"नोंदवही वर घे, वनमाला. शाई उतरेल," सर म्हणाले. मी दिली. त्यांनी पानं चाळून पाहिली, कोरडी आहेत ना म्हणून, आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचायला लागले. "स्टेशन दोन. वेळ एक वाजून दहा मिनिटं. पाण्याचा रंग तांबूस, वास आहे. जाळी तीनदा धुतली. सही, व. नि. वा! अक्षर बघा पैकूजी, मोत्यासारखं. अशी नोंद असली की उद्या कोर्टात कोणी बोट ठेवू शकत नाही."

"नाही धुतली," मी म्हटलं.

"काय?"

"जाळी. नाही धुतली, सर. खोटं लिहिलं मी."

सरांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण पाठीला पाठ असल्यामुळे त्यांना माझा चेहरा दिसेना. ते उठून उभेच राहिले. "काहीतरी बोलू नकोस. माझ्यासमोर धुतलीस तू."

"तुमच्याकडे पाठ करून बसली होती. रिकामा कॅन तिरपा केला. तुम्हाला वाटलं, धुतली."

"रिकामा? पाच लिटर पाणी भरून दिलं होतं मी स्वतः! गेलं कुठं?"

घरी चार बहिणी आम्ही, पण ही गोष्ट बाबांसमोर कोणी कधी उच्चारली नव्हती. इथे तर सर, आणि एक परका म्हातारा माणूस.

"मी विचारतोय, पाणी गेलं कुठं? सांडलं? सांडलं तर तसं सांगायचं! नदीत खळबळून घ्यायची होती जाळी! तुला कळतंय का तू काय केलंस? मी समितीला शब्द देऊन बसलोय! पोरखेळ वाटला का हा?"

"साहेब," पैकूजी म्हणाले, "ओरडू नोका पोरीवर. थे पानी म्या पेलो."

आम्ही दोघंही त्यांच्याकडे पाहायला लागलो.

"तहान लागली होती," पैकूजी म्हणाले. "बाईचं ध्यान नोयतं. म्या सारं पेलो."

"पाच लिटर?"

"हो. लगित तहान लागली होती."

"पैकूजी, तुम्हाला समजतंय का?" सरांचा आवाज एकदम खाली आला. "हे मला लिहावं लागेल. सोसायटीच्या अध्यक्षानं नमुन्याच्या कामात ढवळाढवळ केली, असंच म्हणतील लोक. उलट तुमच्यावरच शेकेल."

"शेकू द्या."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन आठवड्यांपूर्वी, स्टेशन एक आटोपून आम्ही नाल्याच्या तोंडाजवळ रेतीवर उतरलो होतो, आणि पैकूजी अचानक सरांना म्हणाले होते, "चाला साहेब, टिटवीची अंडी दावतो." चांगला अर्धा तास त्यांना लांब फिरवून आणलं होतं. मला तेव्हा वाटलं होतं, देवच पावला.

"पैकूजी खोटं बोलतात, सर," मी म्हटलं. "त्यांनी थेंबही नाही घेतला. माझी पाळी आली होती."

नदीचा एवढा आवाज होता, तरी ते शब्द मला मोठ्यानं ऐकू आले. पैकूजींनी चटकन तोंड पलीकडच्या काठाकडे फिरवलं. सर उभे होते ते तसेच उभे राहिले.

"दिवस नव्हते, तरी आली. कपडे खराब झाले. सकाळपासून डोंग्यात तुम्ही दोघं, मी सांगणार कोणाला? तुम्ही अंडी पाहायला गेलात तेव्हा झुडपामागे गेली. नदीचं पाणी घ्यायला वाकली होती मी, सर. नाल्याजवळचं. त्याला असा काही वास होता, वर तवंग, की हातात घेववेना. म्हणून कॅन नेला. सगळा संपला." मला रडू फुटलं आणि रडता रडता रागही आला, कोणाचा कोण जाणे. "जे पाणी मला अंगाला लावता आलं नाही, त्यात जीव आहे म्हणून मी सही केली! या माणसाच्या गळ्याला फास लागतोय आणि मी मोत्यासारखं अक्षर काढून लिहिलं, तीनदा धुतली!"

सर खाली बसले, पुन्हा माझ्याकडे पाठ करून. तास गेला, दीड तास गेला. मला वाटलं, झालं, पीएचडी गेली, कॉलेजही गेलं, आता भंडाऱ्याला घरी जाऊन बाबांच्या हातमागावर बसायचं. ऊन कलंडलं. खडकाची बुडालेली कड हळूहळू पुन्हा दिसायला लागली. पैकूजींनी बोटानं ती मला दाखवली, नुसतीच.

मग खांद्यावरून नोंदवही पुढे आली, वर पेन ठेवलेलं.

"खोड," सर म्हणाले.

मी ती ओळ खोडली.

"आता खरं लिही. जाळी धुतली नाही. कारण, पाणी संपलं होतं. स्टेशन दोनचा नमुना बाद."

"पाणी का संपलं ते?"

"त्याचा रकाना नाही," सर म्हणाले. मी लिहून सही केली. त्यांनी खाली त्यांची सही केली आणि तारीख घातली. मग नदीला सांगावं तसं म्हणाले, "गाळणकागद काळाकुट्ट झाला होता तिथला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी म्हटलं, वनमालाचा नमुना आहे."

यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डोंगा साडेचारला आला. सर आधी चढले. मी पैकूजींजवळ थांबली.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"जाळी नाही धुतली, हेही?"

"बाई, तुमी जाळी कशी धुवता थे मी तीन दिवस पायलं. ढिवर हावो मी. दुसऱ्याची जाळी पायल्याशिवाय रायवते का? त्या दिवशी कॅनातून पानी पडल्याचा आवाजच नाही आला."

"मग सांगितलं का नाही? ठाणेदार बोलावतो, ठेका जातो, सत्तावीस घरं... एक शब्द सांगायचा होता सरांना!"

पैकूजी माझ्यावरच चिडल्यासारखे बोलले. "का सांगू, माय? समितीपुढं उभा रावून सांगू, का त्या पोरीनं पानी कायले वापरलं? धा मानसं हासली असती. माह्या घरी दोन पोरी हायेत." मग डोंग्याची कड धरून म्हणाले, "चढा. पाय घसरते इथं."

पुढचं थोडक्यात सांगते. सरांनी सोमवारी समितीला लिहून दिलं, आपला नमुना चुकला, महिन्याची मुदत द्या. लोकांनी त्यांची भरपूर टिंगल केली. विभागप्रमुखाची जागा त्यांना मिळायची होती, ती दुसऱ्याला मिळाली. मला त्यांनी त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही, पण नंतर सहा महिने माझी प्रत्येक नोंद ते दोनदा तपासत. मुदतीनंतरच्या मोजणीत स्टेशन दोनला एकही डॅफ्निया निघाला नाही. दुसरंही काही निघालं नाही, नुसता काळा गाळ. पैकूजींवरची केस उभीच राहिली नाही, ठेका राहिला. कारखान्यानं हौद बांधला, तो वापरला किती ते विचारू नका.

पण मला सांगायची आहे ती त्या मुदतीनंतरच्या खेपेची सकाळ. एप्रिलचा मधला आठवडा होता. मी कॅन ठेवायला डोंग्यात वाकली, तर तिथे आधीच एक मडकं ठेवलेलं. तोंडाला धुवट फडकं बांधलेलं, आणि त्यावर घडी घातलेलं दुसरं जुनं, मऊ लुगड्याचं फडकं.

"हे कशाला, पैकूजी?"

"घरच्या बाईनं देल्लं. विहिरीचं पानी हाये." ते दोर सोडत होते, माझ्याकडे पाहत नव्हते. "हे तुमचं. कॅन जाळीचा."

स्टेशन एक झालं. नाल्याच्या अलीकडे रेतीवर डोंगा लागला. सर उतरले, चष्मा पुसला, घसा खाकरला.

"पैकूजी," ते म्हणाले, "त्या टिटवीची पिल्लं निघाली असतील ना आता? चला, दाखवा बरं. चांगला अर्धा तास बघू."

दोघं रेतीवरून लांब लांब चालत गेले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. खरं तर त्या दिवशी मला मडक्याची काही गरज नव्हती. तरी ते परत येईपर्यंत मी त्याच्याजवळ बसून राहिली. मग कॅन उघडला आणि जाळी धुतली. तीनदा.